द्राक्षांच्या पॅकहाउससाठी ट्रान्सफॉर्मर : २००, २५०, ३१५ की ४०० केव्हीए?

निफाडचा बागाईतदार

सर्वांना नमस्कार. निफाड तालुक्यात आम्ही तिघे भाऊ मिळून निर्यातीच्या द्राक्षांसाठी पॅकहाउस, प्रीकूलिंग (साठवणीपूर्वी मालाची उष्णता काढणे) आणि लहान शीतगृह उभारत आहोत. बांधकाम छतापर्यंत आले असून ११ केव्ही उच्चदाब जोडणीचा अर्ज महावितरणकडे दिला आहे. जोडणी उच्चदाब असल्याने ट्रान्सफॉर्मर आमचा आम्हालाच घ्यायचा आहे आणि घोडे तिथेच अडले आहे, कारण ज्याला विचारावे तो केव्हीएचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचा, वेगळाच आकडा सांगतो.

जोडायचा भार असा आहे. अमोनियाचे ६० एचपीचे तीन कॉम्प्रेसर आहेत. त्यांतील दोन चालणार आणि एक राखीव राहणार. प्रीकूलिंगच्या सहा खोल्या व दोन शीतकक्ष यांतील पंखे मिळून ४० एचपी होतात. कंडेन्सरचे ७.५ एचपीचे दोन पंप असून त्यांतलाही एक राखीव आहे. कूलिंग टॉवरचा पंखा ३ एचपीचा, बोअरची मोटर ७.५ एचपीची आणि पॅकिंगचे पट्टे मिळून ५ एचपीचे आहेत. याखेरीज पॅकिंग हॉलचे वातानुकूलन २५ किलोवॅट, दिवे ८ किलोवॅट, कार्यालय व मजुरांच्या खोल्या ६ किलोवॅट आणि बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टचा चार्जर ५ किलोवॅट एवढे आहे. कॉम्प्रेसरना स्टार-डेल्टा (सुरुवातीचा झटका कमी करणारे) स्टार्टर बसणार आहेत.

विजेचे काम घेतलेले ठेकेदार म्हणतात की ४०० केव्हीएपेक्षा कमी घेऊच नका. एका पुरवठादाराने स्वतःहून ३१५ चे कोटेशन पाठवले आहे. आमच्या शेजारच्या गावातील चार खोल्यांचे पॅकहाउस मात्र चार हंगाम २०० केव्हीएवर विनातक्रार चालू आहे आणि त्याचे मालक आमच्या खर्चिकपणाला हसतात. वीज आमचा विषय नाही. परंतु लाखांचा व्यवहार असल्याने हिशेब समजून घेऊनच सही करावी असे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त अभियंता

नमस्कार. आपण भाराची यादी राखीव यंत्रांसह नीट दिली आहे, म्हणून नेमके बोलता येते. प्रथम ४०० हा आकडा बहुधा कसा आला असेल ते सांगतो, कारण अशा बेरजा मी नोकरीत असताना शेकड्याने तपासल्या आहेत. आपल्या सर्व मोटरींची बेरीज २५० एचपी होते, म्हणजे सुमारे १८७ किलोवॅट. त्यात इतर ४४ किलोवॅट मिळवले की २३१ किलोवॅट होतात. त्याला ०.८ पॉवर फॅक्टरने (किलोवॅट आणि केव्हीए यांच्या गुणोत्तराने) भागले की २८९ केव्हीए येतात, पुढे 'सुरक्षिततेसाठी' २५ टक्के वाढवले की ३६१ होतात, आणि बाजारात त्यावरचे प्रमाणित माप ४०० चे मिळते. गुणाकार-भागाकारात चूक नाही. चूक अशी की जी यंत्रे कधीही एकाच वेळी चालणार नाहीत त्यांचीही त्यात बेरीज आहे, आणि एका सुरक्षिततेवर दुसरी सुरक्षितता रचली आहे.

ट्रान्सफॉर्मरला आपण किती यंत्रे विकत घेतली याच्याशी कर्तव्य नसते. एका वेळी त्याच्यातून किती विद्युतप्रवाह वाहतो आणि किती तास वाहतो, एवढेच त्याला कळते. म्हणून आपल्या हंगामातील सर्वांत जड वेळ डोळ्यांसमोर आणावी. माझ्या समजुतीने ती दुपारी चारपासून रात्री दहापर्यंतची असेल, कारण तेव्हा पॅकिंग चालू असते, दुपारची उष्णता घेऊन आलेला माल खोल्यांत भरलेला असतो आणि सर्व पंखे फिरत असतात. त्या वेळी दोन कॉम्प्रेसर, म्हणजे १२० एचपी, सुमारे ९० टक्के भारावर धरले तर १०८ एचपी होतात. त्याच प्रमाणात पंख्यांचे ३६ एचपी आणि एक कंडेन्सर पंप व कूलिंग टॉवर यांचे साडेनऊ एचपी येतात. बोअर पूर्ण भारावर साडेसात आणि पट्टे तीन एचपी धरावेत. एकूण १६४ एचपी झाले. हा मोटरीच्या दांड्यावरचा भार आहे. मोटरीची कार्यक्षमता सरासरी ९० टक्के धरल्यास तारेतून १३६ किलोवॅट घ्यावे लागतात. वातानुकूलनाचे २०, दिव्यांचे ८, कार्यालय व खोल्यांचे ३ आणि चार्जरचे ५ मिळून आणखी ३६ किलोवॅट होतात. सगळे मिळून १७२ किलोवॅट.

आता ट्रान्सफॉर्मरवर क्षमता केव्हीएमध्ये लिहिलेली असते, किलोवॅटमध्ये नाही, आणि येथेच पॉवर फॅक्टरचा प्रश्न येतो. कॅपॅसिटर न लावता आपला पॉवर फॅक्टर ०.८४ च्या आसपास राहील, म्हणजे भार २०५ केव्हीए होईल. स्वयंचलित कॅपॅसिटर पॅनेल लावून तो ०.९७ वर ठेवला तर तेच काम १७७ केव्हीएमध्ये होते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे किलोवॅटऐवजी केव्हीएच्या तासांवर, होत असल्याने ते पॅनेल आपण लावणारच, असे मी गृहीत धरतो.

१७७ केव्हीए भार २०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर सुमारे ८९ टक्के होतो आणि २५० वर ७१ टक्के. शेजारचे गृहस्थ २०० वर सुखात आहेत यात नवल नाही. त्यांच्या दोन खोल्या कमी आहेत. आपल्याला मात्र २०० घेतल्यास कॅपॅसिटर पॅनेल बंद पडले की भार शंभर टक्क्यांच्या पलीकडे जाईल. 'ट्रान्सफॉर्मर थोडा वेळ जादा भार सहज पेलतो' हे वाक्य आपल्याला कोणीतरी ऐकवेलच. ते खरे आहे, कारण तेल तापायला काही तास लागतात आणि वीस-पंचवीस मिनिटांचा जादा भार त्याच्या अंगवळणी पडतो. परंतु प्रीकूलिंगची एक खेप सहा ते आठ तास चालते आणि तिच्या मागे दुसरी उभीच असते. इतक्या वेळात तेल आपल्या अंतिम तापमानाला पोहोचते, त्यामुळे ही सवलत आपल्या उपयोगाची नाही. जानेवारीत निफाडचा पारा राज्यभर बातमीचा विषय होतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मरलाही थंडीचा लाभ मिळेल; एप्रिलच्या तिसऱ्या प्रहरी मिळणार नाही, आणि वाइंडिंगचा (आतील तारेच्या गुंडाळीचा) सर्वांत गरम भाग ठरलेल्या मर्यादेहून सहा अंश जास्त तापला की कागदी इन्सुलेशन झिजण्याचा वेग दुप्पट होतो.

मोटर सुरू होतानाचा झटकाही पाहून घेऊ. ६० एचपीची मोटर थेट सुरू केली तर पूर्ण भाराच्या साडेसहापट, म्हणजे सुमारे ३९० केव्हीए ओढते. स्टार-डेल्टावर ते प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर, १३० च्या आसपास येते. आपल्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत अडथळा) ४.५ टक्के असेल, तेव्हा २५० केव्हीएवर थेट सुरुवातीने दाब साडेसहा टक्क्यांनी आणि स्टार-डेल्टाने सव्वादोन टक्क्यांनी खचेल. वाहिनीतील घट वेगळी. म्हणजे झटक्याच्या कारणाने माप वाढवण्याची गरज नाही.

आज दिलेल्या यादीवर माझे उत्तर २५० केव्हीए असे आहे.

तासगाव शीतगृह

वरील हिशेबाशी सहमत आहे. माप बरोबर निवडूनही मनुष्य कसा फसतो, ते माझ्या उदाहरणावरून सांगतो. माझे बेदाण्याचे शीतगृह आहे. मार्च-एप्रिलमध्ये माल भरताना महिनाभर यंत्रे जवळजवळ अखंड चालतात आणि नंतर वर्षभर भार निवांत असतो. १५० केव्हीएचा भार काढून मी २०० चा ट्रान्सफॉर्मर घेतला, मात्र पैसे वाचवण्यासाठी एका व्यापाऱ्याकडून रिवाइंड केलेला, म्हणजे आतील तार नव्याने गुंडाळलेला, जुना घेतला. नेमप्लेट चकचकीत होती आणि तिच्यावर २०० लिहिलेले होते. पहिल्याच एप्रिलमध्ये तेलाचा तापमापक ९० अंशांच्या वर गेला आणि लघुदाब बुशिंगच्या (तार बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरच्या) बुडाशी तेल पाझरू लागले. दिवसा एक कॉम्प्रेसर बंद ठेवून मी तो महिना कसाबसा काढला. नंतर चाचणी करवून घेतली तेव्हा पूर्ण भारावरचा तांब्यातील व्यय (तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज) त्या मापाच्या नव्या ट्रान्सफॉर्मरच्या जवळजवळ दीडपट निघाला. रिवाइंड करताना कोणीतरी बारीक तार वापरली होती. म्हणजे मी २०० चे नाव असलेला, पण अंगात १६० च्या आसपासच दम असलेला ट्रान्सफॉर्मर विकत घेतला होता.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की नेमप्लेटवरील केव्हीएसोबत ५० टक्के आणि १०० टक्के भारावरील एकूण व्यय खरेदी आदेशातच लिहून घ्या. आयएस ११८० या मानकात प्रत्येक मापासाठी त्यांची कमाल मर्यादा दिलेली आहे. कारखान्यातील चाचणीला स्वतः जाऊन उभे राहता आले तर उत्तम. मी दुसऱ्या वेळी गेलो होतो, आणि त्या तीन तासांत जे शिकलो ते दहा वर्षे ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसून शिकलो नव्हतो.

आणखी एक. आपल्या शेजाऱ्यांना हसू द्या, पण त्यांची जानेवारी ते एप्रिलची चार बिले पाहायला मागा. त्यांवर नोंदवलेली कमाल मागणी केव्हीएमध्ये छापलेली असते. आपल्यासारखाच धंदा करणाऱ्याच्या मीटरने लिहिलेला आकडा आपल्या कोणत्याही अंदाजापेक्षा खरा.

निफाडचा बागाईतदार

दोघांचेही मनापासून आभार. शेजाऱ्यांनी बिले आनंदाने दाखवली. त्यांची सर्वाधिक नोंद मार्च महिन्यातील १३८ केव्हीए आहे आणि तेव्हा त्यांच्या चारही खोल्या भरलेल्या होत्या.

माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती आता सांगतो. इमारतीच्या पूर्वेला आणखी दोन प्रीकूलिंग खोल्यांची जागा सोडली आहे आणि पाया आत्ताच घातला आहे. बँकेच्या प्रकल्प अहवालात त्या तिसऱ्या वर्षी दाखवल्या आहेत. तेव्हा तिन्ही कॉम्प्रेसर चालतील, चौथा राखीव म्हणून येईल आणि पंखे १० एचपीने वाढतील. ही वाढ आत्ताच धरावी का? मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला तर बिलातील स्थिर आकार वाढेल, अशी घरातील ज्येष्ठांना भीती आहे. मे ते डिसेंबर आमचा भार वीस-पंचवीस केव्हीएवर येतो, तेव्हा एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर रिकामाच वीज खात बसेल, असेही कोणी म्हणाले. त्यापेक्षा दोन लहान घ्यावेत का?

निवृत्त अभियंता

शेजाऱ्यांचा आकडा पाहून समाधान वाटले. चार खोल्यांना १३८, तर सहांना सरळ त्रैराशिकाने २०७ होतात. परंतु पॅकिंग हॉल, दिवे आणि बोअर हे खोल्यांच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात १७५ ते १९० च्या दरम्यान यावे. माझा १७७ त्या पट्ट्यात बसतो. एवढे लक्षात असू द्या की बिलावरील कमाल मागणी ही ठरावीक मिनिटांची सरासरी असते, मोटर सुरू होतानाचा क्षणिक झटका तिच्यात दिसत नाही. तो वेगळाच तपासावा लागतो, जसा वर तपासला.

आता वाढीविषयी. तिसरा कॉम्प्रेसर आणि जादा पंखे मिळून ६३ एचपीचा प्रत्यक्ष भार वाढेल, म्हणजे ५२ किलोवॅट. एकूण २२४ किलोवॅट आणि ०.९७ पॉवर फॅक्टरने २३१ केव्हीए. हे २५० वर ९२ टक्के होते आणि ३१५ वर ७३ टक्के. 'उद्या वाढेल' हे कारण मी सहसा मान्य करत नाही, कारण उद्या या शब्दाखाली घेतलेले आणि आयुष्यभर पाव भारावर चाललेले ट्रान्सफॉर्मर मी पुष्कळ पाहिले आहेत. आपला पाया मात्र घातलेला आहे आणि अहवाल बँकेत आहे. तेव्हा माझे आधीचे उत्तर बदलून मी ३१५ म्हणतो. त्या पुरवठादाराने हिशेब न करता सांगितले असेल, पण आकडा बरोबर लागला.

ज्येष्ठांची भीती अनाठायी आहे. स्थिर आकार, म्हणजे डिमांड चार्ज, हा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (महावितरणशी करारात ठरलेली कमाल मागणी) आणि मीटरने नोंदवलेली मागणी यांवरून ठरतो. अंगणात उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या मापावरून ठरत नाही. आपण ट्रान्सफॉर्मर ३१५ चा घेऊन कॉन्ट्रॅक्ट डिमांड आज १८५ च्या आसपास ठेवू शकता आणि खोल्या उभ्या राहिल्यावर ती वाढवण्याचा अर्ज करू शकता. पैसा जातो तो कॉन्ट्रॅक्ट डिमांड उगाच मोठी लिहिली तर.

रिकामेपणी वीज खाण्याचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे आकारमान पाहा. सध्याच्या कार्यक्षम श्रेणीच्या २५० आणि ३१५ केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा शून्य भारावरील व्यय जवळजवळ सारखाच, साधारण ३३० ते ३५० वॅट असतो. तो वर्षभर धरला तरी तीन हजार युनिटांच्या आसपास होतो, आणि तो २५० घेतला तरी टळत नाही. उलट हंगामात तेच १७७ केव्हीए वाहून नेताना तांब्यातील व्यय २५० मध्ये सुमारे १३०० वॅट होतो, तर ३१५ मध्ये ९०० च्या आत राहतो. ४०० घेतल्यास मात्र शून्य भारावरील व्यय ५०० वॅटकडे सरकतो, म्हणजे दरवर्षी तेराशेच्या आसपास युनिटे विनाकारण जास्त. शिवाय किंमत जास्त, ती वेगळीच.

दोन लहान ट्रान्सफॉर्मरांची कल्पना कागदावर सुंदर दिसते. परंतु उच्चदाब बाजूची उपकरणे, केबल, पाया आणि अर्थिंग हे सारे दुप्पट होते आणि विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीचा पसाराही वाढतो. ऐन मार्चमध्ये एक बिघडला तर दुसरा आहे, हा तिचा खरा फायदा. पण त्या प्रसंगासाठी आपण जनरेटर घेणारच असाल. आठशे-हजार केव्हीएचा भार असता तर मी दोनचा विचार केला असता.

पॅनेल बनवणारा

माप ठरले असे दिसते, म्हणून त्याच्या पुढच्या टोकाविषयी लिहितो, कारण ट्रान्सफॉर्मर वाढवताना लघुदाब पॅनेलकडे कोणी पाहत नाही. ४३३ व्होल्टवर ३१५ केव्हीएचा पूर्ण भाराचा प्रवाह ४२० अँपिअर होतो आणि ४.५ टक्के इम्पिडन्सने त्याच्या तोंडाशी शॉर्ट सर्किट झाल्यास सुमारे ९.३ किलोअँपिअर प्रवाह वाहू शकतो. ४०० केव्हीएला हाच आकडा जवळजवळ १२ वर जातो. दिव्यांच्या आणि लहान मोटरींच्या फीडरवर सर्रास लावले जाणारे एमसीबी (लहान स्वयंचलित ब्रेकर) १० किलोअँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडण्याच्या क्षमतेचे असतात. म्हणजे ठेकेदारांचा ४०० चा सल्ला मानला असता तर मुख्य पॅनेलमधील त्या सगळ्यांची निवड पुन्हा करावी लागली असती. ३१५ लाही मुख्य ब्रेकर आणि मोठे फीडर २५ किलोअँपिअर किंवा अधिक क्षमतेचेच घ्यावेत. तेथे काटकसर नको.

दुसरी गोष्ट वीज जाऊन परत येण्याची. आपल्याकडे हंगामात दिवसातून एक-दोनदा वाहिनी खंडित होणे नवीन नाही. वीज परत आली की दोन कॉम्प्रेसर आणि सगळे पंखे एकाच क्षणी उठले, तर वर केलेला सव्वादोन टक्क्यांचा हिशेब उपयोगाचा राहत नाही. प्रत्येक कॉम्प्रेसरच्या स्टार्टरला वेगवेगळ्या विलंबाचा टायमर द्या. आधी पंप व कूलिंग टॉवर, मग पंखे, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने कॉम्प्रेसर. जनरेटरवर तर हा क्रम अनिवार्यच समजा, कारण त्याचा दाब ट्रान्सफॉर्मरपेक्षा कितीतरी लवकर खचतो.

कॅपॅसिटरविषयी निवृत्त अभियंत्यांनी लिहिलेच आहे. मे ते डिसेंबर वीस-पंचवीस केव्हीएच्या भारावर मोठे टप्पे आत राहिले तर पॉवर फॅक्टर पुढच्या बाजूला (लीडिंग) जातो, म्हणून पॅनेलमध्ये दोन-तीन टप्पे लहान, पाच-पाच केव्हीएआरचे (कॅपॅसिटरच्या मापाचे एकक) ठेवायला सांगा. पुढे पंख्यांना किंवा कॉम्प्रेसरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवण्याचा विचार असेल तर ते आत्ताच सांगा. मग कॅपॅसिटरसोबत ७ टक्क्यांचे रिअ‍ॅक्टर लावावे लागतील, अन्यथा व्हीएफडीने निर्माण होणाऱ्या हार्मोनिक (विकृत लहरींच्या) प्रवाहांमुळे कॅपॅसिटर फुगतात आणि ट्रान्सफॉर्मरही मोजलेल्या भारापेक्षा जास्त तापतो.

निफाडचा बागाईतदार

व्हीएफडीचा विचार निदान पहिली तीन वर्षे नाही. ३१५ केव्हीए, दोन्ही भारांवरील व्यय खरेदी आदेशात लिहून आणि कारखान्यातील चाचणीला हजर राहण्याच्या अटीवर घ्यायचे ठरवत आहे. फोर्कलिफ्टचा चार्जर रात्री अकरानंतर लावायचा, म्हणजे संध्याकाळचे ते ५ किलोवॅटही कमी होतील. धाकटे बंधू अजून ४०० वरच अडून आहेत. एमसीबीचा १० किलोअँपिअरचा मुद्दा घेऊन आज संध्याकाळी ठेकेदारांसह त्यांच्यासमोर बसणार आहे.

तासगाव शीतगृह

चाचणीला जाल तेव्हा टॅप स्विचही (ट्रान्सफॉर्मरचा बाहेर पडणारा दाब टप्प्याटप्प्याने बदलणारा) हाताने फिरवून पाहा. आपली जागा वाहिनीच्या टोकाला असेल तर दुपारी दाब कमी मिळतो, आणि अडीच-अडीच टक्क्यांचे ते टप्पे तेव्हाच उपयोगी पडतात. फक्त तो स्विच वीज पूर्ण बंद करूनच फिरवायचा असतो, हे आपल्या ऑपरेटरला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.